राष्ट्राध्यक्षांचा हात कुठवर पोहोचतो?

अमेरिकेच्या राज्यघटनेतला दुसरा अनुच्छेद कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या हाती देतो: राष्ट्राध्यक्षांच्या. त्यांच्या हाताखाली १५ खाती. खातेप्रमुखांना सिनेटची मंजुरी लागते आणि पदावर असेपर्यंत त्यांना काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सदस्य राहता येत नाही.

ही सत्ता कुठे थांबते, हे १९५२ साली लख्ख दिसलं. कोरियात युद्ध पेटलेलं, इकडे पोलाद कामगारांचा संप तोंडावर आलेला. ८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नुसत्या आदेशावर देशातले बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घेतले. मालक कोर्टात गेले. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्द केला: हा अधिकार ना घटनेने दिला होता, ना काँग्रेसच्या कायद्याने. नऊच्या नऊ न्यायमूर्ती ट्रुमन किंवा त्यांच्याच पक्षाचे आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेमलेले होते, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. ट्रुमन यांनी निकाल मानला, कारखाने परत केले. संप झालाच, आणि सात आठवड्यांहून अधिक चालला.

काँग्रेसने मंजूर केलेलं विधेयक रोखण्याचा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकारही अंतिम नाही. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी ठरवलं, तर तो मोडतो. १९७३ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकार असाच डावलून युद्धाधिकारांचा ठराव कायदा झाला. सैन्य लढाईत उतरवलं, की ४८ तासांत काँग्रेसला कळवणं तेव्हापासून बंधनकारक आहे.