ऋषिपंचमी : बैलाच्या श्रमांची आठवण ठेवणारे पान

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी गणराय विराजमान होतात, उकडीच्या मोदकांचा नैवेद्य होतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच स्वयंपाकघरात अगदी निराळे पान मांडले जाते. त्या पानावर पोळी नसते, नेहमीचा भात नसतो, वरणही नसते. असते ती पालेभाज्या, कंद आणि फळभाज्या एकत्र शिजवून केलेली ऋषीची भाजी, आणि तिच्या सोबतीला वरीचा भात. हा ऋषिपंचमीचा दिवस होय.

कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नि आणि वसिष्ठ हे सप्तर्षी, व त्यांच्यासमवेत साध्वी अरुंधती, यांचे या दिवशी पूजन होते. पहाटे आघाड्याच्या काडीने दंतधावन करावे, स्नान करावे, पाटावर आठ सुपाऱ्या मांडून पूजा करावी आणि कहाणी ऐकावी, असा परिपाठ आहे. परंतु या व्रताचे खरे वैशिष्ट्य त्याच्या आहारात आहे. बैलाच्या कष्टाने पिकलेले काहीही त्या दिवशी खावयाचे नाही, हा तो नियम. काही घरांत गाईचे दूध, दही आणि तूपही वर्ज्य मानतात.

कहाणीतील बैल

हा नियम का, याचे उत्तर कहाणीतच आहे. ऋतुकाळातील विटाळ न पाळल्याच्या दोषाने एका घरातील आई कुत्रीच्या व पिता बैलाच्या जन्माला येतात, आणि तेही आपल्याच मुलाच्या घरी. वडिलांच्या श्राद्धाचा दिवस येतो. खिरीत सर्पाचे गरळ पडलेले कुत्री पाहते आणि ब्राह्मणांचे प्राण वाचावेत म्हणून मुद्दाम भांड्याला तोंड लावते. सून जळत्या लाकडाने तिला मारते व उपाशी ठेवते. रात्री ती आपले दुःख बैलाला सांगते. तेव्हा तो म्हणतो, मलाही आज दिवसभर तोंड बांधून नांगराला जुंपले होते, पोटात काही नाही. हा संवाद मुलाच्या कानी पडतो. तो व्याकूळ होऊन ऋषींकडे जातो, आणि ऋषी त्याला हे व्रत सांगतात.

विटाळाची कल्पना आज अनेक भगिनींच्या मनाला पटत नाही, आणि निसर्गाने दिलेल्या धर्माला दोष मानू नये हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. तथापि कहाणीचा दुसरा अर्थ त्यामुळे उणा होत नाही. ज्याच्या नावाने घरात पक्वान्ने शिजत होती, तोच गोठ्यात उपाशी उभा होता. जिने सर्वांना वाचविले, तिच्याच पाठीवर कोलीत बसले. सणाच्या दिवशी आपल्या दारात कोण उपाशी आहे आणि कोणाच्या श्रमांवर आपले पान वाढले गेले आहे, हा या कहाणीचा प्रश्न आहे.

श्रावण अमावास्येला पोळा होतो. बैलाच्या शिंगांना रंग लागतो, पाठीवर झूल येते, त्याला पुरणपोळीचा घास मिळतो. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. पोळ्याला आपण बैलाला खाऊ घालतो. पंचमीला त्याचे काही खात नाही. एक पूजा, दुसरा संयम.

परसातले अन्न

मग खावयाचे काय? न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू, कुंपणावर चढलेले पडवळ व शिराळे, मांडवावरचा भोपळा, केळीचा घड, जमिनीतला सुरण. हे सारे परसात, माणसाच्या हातांनी, कुदळीने पिकते. कोकणात पाणथळ जागी आपोआप उगवणारा देवभातही या दिवशी शिजवितात. १९४४ साली इंग्लंडमध्ये काही मंडळींनी पशुजन्य सर्व पदार्थ वर्ज्य करणाऱ्या आहाराला ‘व्हीगन’ हे नाव दिले. आपल्या आजी-पणजी वर्षातून एक दिवस त्याच्याही पुढे जात होत्या : पशूपासून मिळालेले अन्न तर नाहीच, पण पशूच्या कष्टाचेही नाही.

ऋषीची भाजी

साहित्य (सहा माणसांसाठी) : अळूची ८-१० पाने देठांसह, लाल माठाची १ जुडी, सुरण पाव किलो, लाल भोपळा पाव किलो, १ लहान पडवळ, १ शिराळे, १०-१२ भेंड्या, २ कच्ची केळी, मक्याची २ कोवळी कणसे, ५-६ हिरव्या मिरच्या, लिंबाएवढी चिंच, १ वाटी ओले खोबरे, चवीपुरते सैंधव.

कृती : सुरण व अळू खाजरे असतात, म्हणून चिरताना हातांना चिंचेचे पाणी लावावे. सुरणाच्या फोडी थोडा वेळ चिंचेच्या पाण्यात ठेवाव्यात. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळून प्रथम कणसांचे तुकडे व सुरण घालावे. ते अर्धवट शिजल्यावर चिरलेले अळू, त्याची सोललेली देठे, केळी, मिरच्या व चिंचेचा कोळ घालून झाकण ठेवावे. अळू पूर्ण शिजले पाहिजे, नाहीतर घसा खवखवतो. नंतर भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी व माठ घालावा. सर्व मऊ झाल्यावर सैंधव व खोबरे घालून एक वाफ आणावी. फोडणी नाही, मसाला नाही. खोबऱ्याचा स्निग्धपणा पुरेसा होतो आणि प्रत्येक भाजीची चव आपापली राहते.

आज नियम कसा पाळावा?

शहरात परस उरले नाही. पंचमीच्या आधी बाजारात या भाज्यांचे तयार वाटे मिळतात आणि त्या बहुधा शेतातूनच येतात. वरीही पुष्कळदा नांगरलेल्या जमिनीतली असते. उलट अनेक शेतांत आता बैलाऐवजी ट्रॅक्टर चालतो. मग नियमाला अर्थ काय, असे तरुण मुले विचारतात.

त्यांना उत्तर द्यावे ते असे : हा नियम जमिनीच्या पंचनाम्यासाठी नाही, आपल्या स्मरणासाठी आहे. गॅलरीतील कुंडीत चार पाने अळू लावावे, तेवढे तरी स्वतःच्या हाताचे होईल. मुलांना भाज्या चिरावयास बसवावे व कहाणी सांगावी. नांगर धरणारे हात पुरुषांचेही होते, तेव्हा हे पान घरातील पुरुषांनीही घ्यावे. आणि इतरांना वाढता वाढता जी रोज शेवटी जेवते, तिचे पान त्या दिवशी सर्वांत आधी मांडावे. कहाणीतील मुलाला आपल्या घरची भूक रात्री उशिरा कळली. आपल्याला ती दिवसाउजेडी कळावी, एवढेच मागणे सप्तर्षींच्या चरणी करावे.