जुनी जीप की नवी?

गावाकडे घर असलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत हा वाद रंगतो. महिंद्राने १९४७ पासून जीप बांधायला घेतली. जुन्या डिझेल जीपमध्ये सेन्सर नाहीत. गावातला मिस्त्रीही पाने-पकड घेऊन ती चालू करतो. नवी अडली तर कॉम्प्युटर लावावा लागतो. शेताच्या चिखलात म्हणूनच आम्ही जुनीच्या बाजूने.

पण जुनीत एअरबॅग नाही, एबीएस नाही; मागच्या आडव्या बाकांवर बहुधा पट्टेही नसतात. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्याही सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. बायकामुलांना घेऊन घाट उतरायचा, तर आम्ही नवीच सुचवू. मुले अल्लाहची अमानत आहेत. आधी तजवीज, मग तवक्कुल.