बहुरूप्याचा पेशा



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संतवाङ्मय, इतिहास, शेतीचे अर्थकारण यांच्या पंगतीला संगणकावरील एक खेळ आणून बसवावयाचा, हे जरा धाडसच आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलगा, नात, पुतण्या संध्याकाळी त्या पडद्यासमोर बसतात, आणि खेळ सुरू करण्यापूर्वीच त्यांना एक निवड करावी लागते. तिचे परिणाम पुढे शेकडो तास भोगावे लागतात. ती निवड पेशाची. तिच्याविषयी आम्हाला जे कळले, ते येथे मांडावयाचे आहे.

या खेळांना भूमिका-खेळ म्हणावे. खेळणारा एक सोंग घेतो आणि त्या सोंगाच्या कुवतीप्रमाणे एका काल्पनिक जगात वावरतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पेशे तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. त्यांतला तिसरा मूळचाच मिश्र. तो चिलखत घालून लढे आणि जखमाही बऱ्या करी. मौज अशी की, त्याच नियमांत एल्फ नावाच्या जमातीला योद्धा किंवा मांत्रिक यांपैकी हवे ते होण्याची मुभा होती. मात्र एक मोहीम चालू असताना मध्येच बदल करावयाचा नाही, असे बंधन होते. या बंधनाकडे लक्ष असू द्यावे. आजच्या विषयाची सारी मेख तेथे आहे.

दोन पेशांचे गुण एकात घेणाऱ्यास खेळाडू ‘हायब्रीड’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे संकरित ज्वारीबरोबर १९६०च्या दशकात घरोघर पोचला. पण ज्वारीचा अर्थ खेळात लावला की फसगत होते. संकरित ज्वारी दोन्ही मूळ वाणांपेक्षा जास्त पिकते, म्हणून तर ती लावतात. खेळातला हायब्रीड दोन्ही मूळ पेशांपेक्षा त्यांच्या त्यांच्या कामात थोडा उणाच ठेवलेला असतो. तसे न केले तर शुद्ध पेशा घेईलच कोण? १९९९ साली निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात तर मिश्र पेशाच्या माणसाला वरची पातळी गाठण्यासाठी अधिक अनुभव कमवावा लागे, आणि त्याची झळ सोबतच्या गटालाही बसे. साहजिकच त्याला सोबत घेताना लोक का-कू करीत. हा दंड पुढे काढून टाकण्यात आला. त्यामागचा विचार मात्र गेला नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या रचनाकारांपैकी ग्रेग स्ट्रीट यांनी २००८ नंतरच्या काळात उघडपणे ही भूमिका मांडली होती की, ज्यांना प्रहाराखेरीज दुसरे काम नाही अशा पेशांचा प्रहार मिश्र पेशांपेक्षा किंचित वरचढ असावा. खेळाडूंनी त्याला नाव दिले ‘हायब्रीड टॅक्स’. कर म्हटला की कुरकूर आलीच. 

आम्ही उदाहरण घेणार ते याच खेळाचे. ब्लिझार्ड या कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू केला. पुढे त्यात पुष्कळ बदल झाले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ‘क्लासिक’ या नावाने त्याचे जुने रूप पुन्हा खुले केले. त्या वेळी परदेशी असलेल्या आमच्या पुतण्याने आग्रह धरला की, काका, तुम्हीही या. निदान त्या निमित्ताने रोज बोलणे तरी होईल. तेव्हा आमच्यापुढे नऊ पेशे उभे राहिले. आम्ही ड्रूइड घेतला. कारण सांगावयास संकोच वाटतो, पण सांगतो. या वयात कोणाच्या मदतीवाचून आपले अडू नये, एवढाच विचार त्यामागे होता.

ड्रूइड म्हणजे साक्षात बहुरूपी. दहाव्या पातळीला तो अस्वल होऊ लागतो, विसाव्याला बिबट्यासारखे मार्जाररूप घेतो. पोहण्यासाठी एक जलचराचे रूप आणि वेगाने धावण्यासाठी चित्त्याचे रूप, ही आणखी वेगळी. अस्वल समोर उभे राहून मार खाते, मार्जार लपतछपत जाऊन ओरबाडते, आणि मूळ रूपातला ड्रूइड मंत्राने जखमा भरतो किंवा दुरून प्रहार करतो. गटातली तिन्ही कामे याच्या अंगी आहेत. शत्रूचा मार स्वतःवर घेणाऱ्याला खेळाडू टँक म्हणतात, जखमा बऱ्या करणाऱ्याला हीलर, आणि उरलेले प्रहार करणारे. पाच जणांच्या गटात साधारणतः एक टँक, एक हीलर आणि तीन प्रहार करणारे असतात.

एकट्याने भटकताना हा पेशा किती सुखाचा, हे काय सांगावे! त्याचे गणितही सोपे आहे. एकट्याच्या लढाईत आपण मरण्यापूर्वी किती मारतो, हे प्रहाराचे बळ आणि तग धरण्याची शक्ती यांच्या गुणाकाराने ठरते. समजा, वाटून घ्यावयास दहा गुण आहेत. नऊ प्रहाराला आणि एक तगाला दिला तर गुणाकार नऊ. आठ आणि दोन केले तर सोळा. पाच-पाच वाटले तर पंचवीस. म्हणजे समसमान वाटणी करणारा येथे जिंकतो. त्यामुळे आम्ही चाळीस पातळ्या आनंदात चढलो आणि मनाशी म्हणालो, ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणणाऱ्यांना या पेशाची गंमत समजलीच नाही.

मग मोठ्या मोहिमा आल्या. जुन्या खेळात त्या चाळीस माणसांच्या. ‘मोल्टन कोअर’ नावाच्या अग्निकुंडात दहा मोठे शत्रू, आणि त्यांच्यावर चाळीस जण एकाच वेळी चालून जावयाचे. येथे गुणाकार मोडतो. मार खाण्यास दोन-चार योद्धे पुढे आहेत, त्यांना बरे करण्यास दहा-बारा हीलर मागे आहेत. बाकीच्यांच्या प्रहारांची केवळ बेरीज व्हावयाची. त्या बेरजेत नऊवाल्याचे नऊ आणि आमचे पाच. आमच्या अंगात आणखी पाच गुण तग धरण्याचे आहेत, याच्याशी तेथे कोणाला कर्तव्य नाही.

कोणी म्हणेल, क्रिकेटमध्ये अष्टपैलू खेळाडूचे एवढे मोल मग कसे? १९५२ साली लॉर्ड्‌सवर विनू मंकड यांनी पहिल्या डावात ७२ आणि दुसऱ्यात १८४ धावा केल्या, मधल्या इंग्लंडच्या डावात पाच गडीही टिपले. (सामना आपण आठ गड्यांनी हरलो, ती गोष्ट वेगळी.) याचे कारण असे की क्रिकेटमध्ये कामे एकामागून एक येतात. फलंदाजी संपते, मग गोलंदाजी येते. एकाच माणसाचे दोन्ही गुण पुरेपूर वसूल होतात. मोठ्या मोहिमेत तिन्ही कामे एकाच क्षणी चालू असतात. अस्वल झालेला ड्रूइड त्या क्षणी जखम बांधू शकत नाही. बांधावयाची तर अस्वलपण सोडावे लागते. त्याच्याजवळ तीन माणसांची कला आहे, पण वेळ एकाच माणसाचा.

शिवाय कला शिकण्यासही मर्यादा आहे. जुन्या खेळात दहाव्या पातळीपासून दर पातळीला एक कौशल्यगुण मिळतो. साठाव्या पातळीला त्यांची संख्या ५१ होते. कौशल्याच्या तीन शाखा आहेत, आणि कोणत्याही शाखेच्या शेंड्यावरची विद्या मिळवण्यास ३१ गुण लागतात. दोन शेंडे गाठावयाचे तर ६२ हवेत. तेव्हा एकच शेंडा गाठता येतो, आणि उरलेले २० दुसऱ्या शाखेत घालावे लागतात. पोशाखाचेही तेच. अस्वलाला जाड कवच आणि दम हवा, मार्जाराला बळ आणि चपळाई, हीलरला बुद्धी. तीन कामे म्हणजे पोशाखांचे तीन जोड. चाळीस जणांत मिळून वाटावयास थोडेसेच काही मिळते, त्यात आपण तीन वेळा हात पुढे करावयाचा! हे आम्हाला जमले नाही. आणि अस्वलाजवळ ढाल नाही, शस्त्राने वार अडवणे नाही, हे मोठ्या शत्रूपुढे फार जाणवते.

म्हणून त्या काळी चाळिसांच्या मोहिमेत ड्रूइडला बहुतेक एकच काम सांगत : मागे उभे राहा आणि जखमा बऱ्या करा. त्याची एक विद्या मात्र सर्वांना हवी असे. ऐन लढाईत मेलेल्याला तो उठवू शके. अर्ध्या तासात एकदाच, आणि त्यासाठी एक बी खर्ची पडे. लढाई संपल्यावर मेलेल्यांना उठवण्याचा साधा मंत्र इतर हीलरांजवळ होता, तो ड्रूइडला २००८ पर्यंत नव्हता. रचनाकारांचा हा तोल आम्हाला थोडा विक्षिप्तच वाटतो.

इतके ऐकून, ‘मग हा पेशा घ्यावा तरी कशाला?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हाला पाच जणांच्या गटात मिळाले, आणि तेही आमच्याच चुकीतून. एका मठाच्या तळघरात आम्ही पाच जण शिरलो होतो. आम्ही मार्जाररूपात. लढाई ऐन रंगात असताना आमच्या हीलरच्या घरची वीज गेली. त्याचे सोंग जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे राहिले. आम्ही ताबडतोब माणूस झालो आणि टँकवर एकामागून एक मंत्र टाकू लागलो. गट आमचे कौतुक करीत होता. पण टँक अखेर पडला, आणि अस्वल होऊन त्याची जागा घ्यावी म्हणून पाहतो तो रूप बदलण्यापुरतीही मंत्रशक्ती शिल्लक नव्हती. रूप बदलण्यास मंत्रशक्ती लागते, हे आम्ही उत्साहात विसरलो होतो. पाचही जण गारद झाले. पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, एका उडीपुरते नेहमी राखून ठेवत जा.”

काही दिवसांनी तसाच प्रसंग दुसऱ्या ठिकाणी आला. त्या वेळी दोन मंत्रांवर थांबलो, टँक पडताच अस्वल झालो, शत्रू अंगावर घेतले, आणि उरलेल्या तिघांनी ते संपवले. पाच शुद्ध पेशांच्या गटात हीलर नाहीसा झाला असता तर त्याची जागा घेणारा कोणी नव्हता. चाळिसांत दहा हीलर असतात, त्यांतला एक गेला तर नऊ उरतात. तेथे मोठी संख्याच विम्यासारखी उपयोगी पडते. पाचांत ते काम बहुरूप्याला करावे लागते. माणसे थोडी आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याची खात्री नाही, अशा ठिकाणी त्याची खरी किंमत कळते.

जुन्या खेळातील जाणते ड्रूइड यासाठी गुणांची एक खास वाटणी करीत. पशुरूपाच्या शाखेत ३० आणि उपचाराच्या शाखेत २१. शेंडा एकाही शाखेचा मिळत नाही. पण पहिल्या शाखेत अस्वलाचा दम, मार्जाराचे बळ आणि मूळ रूपातील बुद्धी ही तिन्ही वाढवणारी विद्या मिळते. दुसरीत दर तीन मिनिटांनी एक मोठा मंत्र क्षणार्धात टाकण्याची सोय मिळते. ५१ गुण तंतोतंत संपतात. ही वाटणी करणारा मोठ्या मोहिमेत कोणत्याही यादीत वर येत नाही, आणि लहान गटात त्याला सोडण्यास कोणी तयार नसते.

पुढच्या काळात ही अडचण पुष्कळशी सैल झाली. पूर्वी गुणांची फेरवाटणी करावयाची तर दर वेळी वाढत जाणारी, ५० सुवर्णमुद्रांपर्यंतची फी भरावी लागे. एप्रिल २००९ मध्ये मूळ खेळात दोन वाटण्या जवळ बाळगण्याची सोय झाली. २०१२ साली ड्रूइडच्या शाखा चार झाल्या. एल्फवर १९७४ साली घातलेलेच बंधन जणू फिरून आले : मोहिमेपूर्वी हवे ते व्हा, पण लढाईत जे आहात त्यातच निष्णात राहा. मधल्या वाटणीचे ते जुने कसब त्यात बरेच बाजूला पडले. क्लासिकमध्ये ते अजून शिकता येते.

तेव्हा घरातील कोणी विचारले, तर आम्ही आधी उलट विचारू : खेळणार कोणाबरोबर? एकटे, किंवा दोन-चार ओळखीच्या सोबत्यांबरोबर खेळणार असाल तर खुशाल बहुरूपी व्हा. प्रहाराच्या यादीत आपले नाव पहिले दिसावे अशी हौस असेल तर मांत्रिक व्हा, रोग व्हा. त्यात कमीपणा नाही. आणि मोठ्या मोहिमांत जावयाचे असेल तर काय काम मिळेल, हे त्या मंडळींना आधी विचारून घ्या. पातळी साठ झाल्यावर ते कळले की फार जिवाला लागते.

आम्हालाही ते लागले होते. कोणावर अवलंबून राहावयाचे नाही म्हणून हा पेशा घेतला, आणि शेवटी इतरांचे जे अडेल ते करणे हाच आमचा धंदा होऊन बसला. पुतण्याच्या मंडळींनी चाळिसांच्या मोहिमेत बोलावले तेव्हा निरोप एका ओळीचा होता : हीलर कमी आहेत, याल का? आम्ही दोन दिवस घुटमळलो. मग ५१ गुणांची नव्याने वाटणी केली, मुद्रा मोजल्या, बी विकत घेतले, आणि गेलो. अस्वलाचा पोशाख बँकेत ठेवून या, पिशवीत जागा लागेल, असे पुतण्याने बजावले होते. आम्ही तो बरोबर नेला.