तोच हा देवदत्त : जुना संगणक, नवं यंत्र

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, इम्युलेटर म्हणजे जुन्या संगणकाचं नाटकच ना? आज तेच घेऊ.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. त्यातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक देशातल्या निवडक शाळांत आले. (आपलं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं.) मेमरी किती? ३२ किलोबाइट. मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावायचा नाही.

आज हे यंत्र पाहायचं तर लॅपटॉपवर 'बीब-एम'सारखा इम्युलेटर टाकतात. तो दुभाष्याचं काम करतो. जुना प्रोग्राम ६५०२ या चिपच्या भाषेत आज्ञा देतो. इम्युलेटर एकेक आज्ञा वाचून ती चिप जे करायची तेच घडवतो. जुनी चिप सेकंदाला २० लाख ठोके द्यायची. नव्या यंत्राला मुद्दाम आवरून तेवढेच द्यावे लागतात, नाहीतर खेळातला चेंडू दिसण्याआधीच पडद्याबाहेर!

मग हा तोच संगणक का? वेदान्ती म्हणतात, 'तोच हा देवदत्त'. पूर्वी दुसऱ्या गावी भेटलेला माणूस इथे भेटतो. गाव आणि काळ बाजूला ठेवला की ओळख पटते. इथेही डबा नि वायरी बाजूला ठेवल्या, तर आज्ञेला मिळणारं उत्तर तेच उरतं. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचं वर्णन वाचून त्याचं काम करू शकतं, हे ट्यूरिंगने १९३६ मध्येच दाखवलं होतं. नाटकातल्या पावसाने कोणी भिजत नाही. इम्युलेटरने केलेली बेरीज मात्र खरीच बेरीज असते. म्हणून 'नाटक' हा शब्द आम्हाला पटत नाही.

पण हा देवदत्त रिकाम्या हाताने येतो. मुलांनी तेव्हा लिहिलेले प्रोग्राम त्याच्याकडे नसतात. बीबीसी मायक्रोचे प्रोग्राम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवता येत: शून्यासाठी १२०० हर्ट्झची एक लहर, एकासाठी २४०० हर्ट्झच्या दोन. तो आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड केला की सॉफ्टवेअर त्यातून प्रोग्राम परत काढतं. फीत मात्र दरवर्षी झिजते आहे, आणि तिची दुसरी प्रत बहुधा नसतेच. शाळेच्या कपाटात अशी कॅसेट निघाली तर आधी बुरशी आहे का पाहा. असली तर टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. नसली तर रेकॉर्डिंग एमपीथ्रीत न करता वेव्ह फाइलमध्ये करा, आणि मूळ कॅसेट टाकू नका.