तळ्याच्या तळाशी वसलेली चार गावे

कोकणातल्या आमच्या घरापासून खाडीचा बांध हाकेच्या अंतरावर आहे. उधाणाचे पाणी एकदा खाजणात शिरले की पुढली काही वर्षे तिथे भाताचे नाव काढायचे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हणून हॉलंडला गेलो तेव्हा ॲम्स्टरडॅमच्या चित्रशाळा उरकून मी उत्तरेला बेम्स्टरची वाट धरली.

बस एक बांध ओलांडून किंचित खाली उतरली आणि मी तळ्यात शिरलो! होय, चारशे वर्षांपूर्वी इथे अफाट तळे होते. ॲम्स्टरडॅमच्या धनिकांनी १६०७ साली ते उपसायला घेतले. भोवती बांध, बांधाबाहेर कालवा, आणि पवनचक्क्यांनी पाणी चढवून त्या कालव्यात टाकायचे. १६१० साली वादळात समुद्राकडचे बांध फुटले नि उपसलेले तळे पुन्हा भरले. पण या मंडळींनी हात टेकले नाहीत. बांध उंचावला, चक्क्या वाढवून चाळीसवर नेल्या. चक्क्यांचा जाणता होता लेगवाटर, आडनावातही पाणीच! १६१२ साली तळ कोरडा झाला. समुद्रसपाटीखाली सुमारे साडेतीन मीटर!

त्या तळावर आज पट्टीने आखल्यासारखे रस्ते, चौकोनी शेते, पिरॅमिडसारख्या छपरांची शेतघरे आणि मिडनबेम्स्टर धरून चार गावे आहेत. १९९९ साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशात घेतला.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला चहाला बोलावले. मी विचारले, "आजोबा, तुमची नगरपालिका कुठे?"

"पुर्मेरेंडला. १ जानेवारी २०२२ पासून आम्हाला शेजारच्या शहरात विलीन केले."

"वाईट वाटले?"

"वाटले तर! नाव गेले की वाटतेच. पण पाण्याचे मंडळ निराळे, त्याच्या निवडणुका निराळ्या. कचेरी लांब गेली तर मोटारीने जाऊ. पंप बंद पडले तर मात्र होडीच लागेल!"

म्हातारा हसला, पण मतदान चुकवत नाही हेही त्याने सांगितले.

घरी परतल्यावर आमचा बांध पाहायला गेलो. खेकड्यांनी एके ठिकाणी भोक पाडले होते. पूर्वी अशा वेळी घरटी एक माणूस यायचा. आता सारे सरकारची वाट पाहतात. मीही इतकी वर्षे तेच करीत होतो. त्या दिवशी मात्र घरून फावडे आणले. शेजारचे दोघे "काय चाललेय?" म्हणून पाहायला आले, आणि ओहोटी संपण्यापूर्वी भोक बुजले.