टेबलाएवढा रेणू

घरातल्या एखाद्या जुन्या लाकडी खुर्चीला खालच्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब लावून पाहा. मिनिटाभराने बोट टेकवलं आणि ते चिकटलं, तर खुर्चीवर लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा थेंब लावा. पॉलिश मऊ पडलं तर ते साधं लॅकर. आणि दोन्ही थेंब उडून गेले, खालचा थर जसाच्या तसा राहिला, तर मात्र अचंबा वाटायला हवा. कारण डब्यात होतं तोवर हेच पॉलिश थिनरमध्ये खुशाल मिसळत होतं. लाकडावर चढल्यावर असं काय घडलं, की आता ते थिनरला ओळखही दाखवत नाही?

लाखेचं गणित सोपं असतं. चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, विरघळला की बोळ्याने लाकडावर फिरवायचा. स्पिरिट उडून जातं, लाख मागे उरते. तिचे रेणू होते तसेच असतात, फक्त एकमेकांना रेलून बसलेले. पुन्हा स्पिरिट आलं की पुन्हा सुटे. म्हणूनच लाखेच्या पॉलिशवर सॅनिटायझर सांडलं की डाग पडलाच म्हणून समजा.

मेलामाइन किंवा दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावलं, की थिनर उडाल्यानंतर खरं काम सुरू होतं. मेलामाइनच्या एका रेणूला जोडणीच्या सहा जागा असतात. पॉलिशमधल्या अल्किड राळेच्या लांब साखळ्या त्या जागांवर येऊन पक्क्या बसतात, त्यांना आणखी साखळ्या जोडल्या जातात, आणि बघता बघता बंधांची जाळी चहूकडे पसरते. उन्हात वाळलेलं मडकं पाण्यात ठेवलं तर त्याचा चिखल होतो, आव्यातून भाजून निघालेलं ठेवलं तर होत नाही. इथेही फरक तोच आहे. तात्त्विकदृष्ट्या पाहिलं तर टेबलावरचा पुरता पक्का झालेला तो थर म्हणजे जवळजवळ एकच रेणू असतो: सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि जेमतेम केसाएवढा जाड. त्यावर आपण आमटीचं भांडं ठेवतो!

ही जोडणी उष्णतेनेही करता येते. मोटारींच्या कारखान्यात रंग भट्टीतच पक्का करतात. पण सागवानी टेबल भट्टीत घातलं तर रंगाआधी लाकूडच वाकेल, तडकेल. म्हणून मेलामाइनच्या डब्याबरोबर एक छोटी बाटली येते. तिच्यात बहुधा आम्ल असतं. हे आम्ल एका जोडणीला हात लावतं, ती पूर्ण झाली की सुटं होतं आणि पुढच्या जोडणीकडे वळतं. भट्टीचं काम खोलीतल्या हवेवर होऊन जातं आणि आम्ल खर्चही होत नाही. हा उत्प्रेरकाचा खेळ स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ साली ओळखला. त्यामागची गती आणि नियम उलगडणाऱ्या विल्हेल्म ओस्टवाल्डला १९०९ चं नोबेल मिळालं.

खर्च न होणं हीच मेलामाइनची गोम आहे. आम्ल काम संपवून निघून जात नाही, थरातच मुक्काम करतं. ‘चार थेंब जास्त टाकू, लवकर सुकेल’ असा विचार केला, तर थर लवकर सुकतो खरा, पण पुढे ठिसूळ होऊन तडकतो. कमी टाकलं तर महिनाभराने वर्तमानपत्र ठेवावं आणि अक्षरं टेबलावर उमटावीत. म्हणून डब्यावर लिहिलेलं प्रमाण मापाच्या भांड्यानेच मोजायचं, आणि मिश्रण प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात करायचं. आम्ल लोखंडाला लागलं की पॉलिशचा रंग बिघडतो.

पीयूबरोबर मिळणारा हार्डनर मात्र वेगळ्या जातीचा. तो आयसोसायनेट वर्गातला. काम करतो आणि त्यातच संपतो, म्हणजे जाळीचाच भाग होऊन बसतो. आयसोसायनेटपासून पॉलियुरेथेन बनवण्याची ही रीत १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकूझेनला ओट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. आयसोसायनेटला पाण्याची भारी ओढ. हवेतली वाफ असो की ओलं लाकूड, पाणी भेटलं की त्याच्याशी जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. जुलैच्या दमट दुपारी मारलेल्या पीयूवर टाचणीच्या टोकाएवढे फुगे दिसले, तर ते या वायूचे असू शकतात.

हे सारं कारखान्यांनी शोधलं असं वाटत असेल, तर जपानकडे पाहा. तिथल्या उरुशीच्या झाडाचा चीक हजारो वर्षांपासून लाकडी भांड्यांना लावतात. तो सुकवायला कारागीर भांडी दमट कपाटात ठेवतात. कोरड्या हवेत तो नीट पक्का होतच नाही. १८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी याचं कारण शोधलं: चिकातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रेणू जोडत जातं. म्हणजे उत्प्रेरकाची बाटली झाडाने आधीच आत भरून ठेवलेली! आपला बिब्बा आणि काजू याच झाडाच्या कुळातले. परीट बिब्ब्याने कपड्यावर खूण करत, ती कितीही धुतली तरी जात नसे. ती खूणही हवेत पक्की होणाऱ्या अशाच चिकाची.

आता निवडीचं बोलू. जाळी विणणाऱ्या या पॉलिशची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, घड्याळापुढे. मिसळल्या क्षणापासून भांड्यातही जोडणी चालूच असते. काही तासांत मिश्रण दाटतं, मग गोळा होतं, आणि स्प्रे गन तशीच ठेवली तर तिचाही गोळा. दुसरी, दुरुस्तीला. लाखेवर ओरखडा आला तर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. एकसंध जाळीत नवा हात विरघळणार कुठे? तिथे बारीक पॉलिशपेपरने घासून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, तेव्हा कुठे वरचा थर धरतो. जाडी वाढवून टिकाऊपणा वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या. मेलामाइनचे हातावर हात चढवत गेलात तर थर स्वतःच्या ताणानेच फुटतो.

स्वतः रंधा मारून केलेल्या जेवणाच्या टेबलाला, अभ्यासाच्या मेजाला, रोज घासल्या जाणाऱ्या झोपाळ्याच्या फळीला दोन डब्यांचं पीयू घ्या. पांढरं किंवा फिकट लाकूड असेल तर न पिवळणारं, अ‍ॅलिफॅटिक हार्डनरचं मागा. कपाटाची दारं, पलंगाची उशाकडची बाजू यांना मेलामाइन पुरतं आणि स्वस्तही पडतं. मात्र पक्कं होताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटतो, तेव्हा कपाटाच्या आतल्या बाजूला ते नको, आणि वास पूर्ण जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा. आजोबांच्या शिसवी आरामखुर्चीला लाखच राहू द्या. पोळपाट-लाटण्याला कसलंच पॉलिश नको.

आणि पीयू फवारायचं असेल तर नाकाला रुमाल बांधून भागत नाही. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे अगदी थोडासा फवाराही सोसत नाही. लाकूडकाम हौसेने घरी करा, पण पीयूचा फवारा योग्य सोय असलेल्या पॉलिशवाल्याकडूनच मारून घ्या.