घोणस आणि रक्ताचा रिपोर्ट

(रेणूंचे उद्योग : भाग ६)

वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला डॉक्टर ज्या तपासण्या लिहून देतात, त्यांत ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाची एक असते. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कुठल्याही कलेक्शन सेंटरवर तिचे रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. पुढे रिपोर्ट येतो आणि त्यात बारीक अक्षरांत छापलेले असते : डायल्युट रसेल्स व्हायपर व्हेनम टाइम. रसेल्स व्हायपर म्हणजे आपला घोणस. या ओळीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, आणि गेलेच तर ती छापण्यातली गडबड वाटावी. पण गडबड काही नाही. त्या रक्तात खरोखरच घोणसाचे विष घातलेले असते. नळीत, अर्थातच.

विष म्हणजे अनेक प्रथिनांचे आणि पेप्टाइडांचे मिश्रण, हे मागच्या भागात आले आहे. आज घोणसाच्या विषातल्या एकाच प्रथिनाच्या मागे लागू.

रक्त गोठण्यासाठी डझनभर घटक एकामागून एक जागे व्हावे लागतात. मधल्या टप्प्यावर दहावा घटक आहे. घोणसाच्या विषातले एक विकर या दहाव्या घटकाला नेमक्या जागी कापते आणि त्यासरशी तो कामाला लागतो. आधीच्या घटकांची वाट पाहायची गरजच उरत नाही. निळ्या टोपणाच्या नळीतले सायट्रेट रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून रक्त वाटेत गोठत नाही. प्रयोगशाळेत त्याचा प्लाझ्मा वेगळा करतात, त्यात पातळ केलेले विष, थोडे फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम घालतात आणि घड्याळ सुरू करतात. निरोगी माणसाचा प्लाझ्मा साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात गोठतो. बाईच्या रक्तात ल्युपस अँटिकोॲग्युलंट म्हणवली जाणारी प्रतिपिंडे असतील, तर ती फॉस्फोलिपिड अडवून धरतात आणि वेळ लांबते. मग जास्तीचे फॉस्फोलिपिड घालून पाहतात. वेळ खाली आली, तर संशय खरा. तरी बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावीच लागते. विचित्र भाग असा, की नळीत गोठणे लांबवणारी ही प्रतिपिंडे शरीरात मात्र गुठळ्या करतात.

विष इथे कशाला हवे? ते थेट दहाव्या घटकावर उतरते म्हणून. आठव्या, नवव्या घटकात काही दोष असला तरी तो मध्ये येत नाही आणि संशयाचे क्षेत्र आटोपशीर राहते. दहाव्या घटकाचा पत्ता लागण्याआधीच, विषाचा रक्त गोठवण्याचा गुण ओळखून लंडनमध्ये मॅकफार्लेन यांनी १९३४ मध्ये घोणसाचे पातळ विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या वाहत्या जखमांवर लावून पाहिले होते.

आता हेच प्रथिन शहापूर-मुरबाडच्या भातखाचरात, दातांतून पायात गेले की काय होते ते पाहा. रक्त गोठवणारे विष, मग माणसाच्या हिरड्यांतून, लघवीतून रक्त का यावे? कारण सगळीकडे एकदमच बारीक बारीक गोठणे सुरू होते आणि त्यात फायब्रिनोजेनचा साठा संपून जातो. पुढे खरी जखम वाहू लागली, तर गुठळी करायला काही उरतच नाही. ही अवस्था ओळखायला यंत्र लागत नाही. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिले, तर सर्पदंशावरची लस द्यायची वेळ झाली. नळी काचेचीच हवी, नवी आणि कोरडी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही गोठत नाही, आणि निदान फसते. ग्रामीण रुग्णालयाला नव्या काचेच्या नळ्यांचा एक खोका पुरवणे हे माझ्या मते कित्येक परिसंवादांपेक्षा मोलाचे काम आहे.

लस कुठून येते? अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत भारत सीरम्सचा कारखाना आहे. परळच्या हाफकिनचे नाव तर घरोघरी ठाऊक आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष थोडे थोडे घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे गोळा करायची, ही मूळ पद्धत शंभर वर्षांहून जुनी. विषाचा मोठा पुरवठा बराच काळ चेन्नईजवळच्या इरुला सहकारी संस्थेकडून होत आला आहे. इथेच रेणुजीवशास्त्रज्ञाचा आक्षेप आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवले, की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. तमिळनाडूच्या घोणसावर बेतलेले औषध शहापूरच्या घोणसाला तितकेच पुरेल, हे गृहीत धरता येत नाही.

फुरशाची गोष्ट याहून सुखद आहे. रत्नागिरीच्या कातळावर धसका बसवणाऱ्या या वीतभर सापाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे ४९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड असते. ते रक्तबिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्यातल्या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याची नक्कल करून टिरोफिबान हे औषध बनले. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या झटक्यात, अँजिओप्लास्टीच्या वेळी ते शिरेतून देतात.

बेडकांच्या कातडीचे रेणू मात्र इतके आज्ञाधारक नाहीत. पुण्याच्या आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाचे नवी जात म्हणून वर्णन केले. पाठ विटकरी, कुशी काळ्या. सह्याद्रीत तो दूरवर आढळतो. केरळात याच जातीच्या कातडीवरचा स्राव गोळा झाला आणि २०१७ मध्ये त्यातले युरुमिन हे पेप्टाइड एच-१ गटाच्या फ्लू विषाणूला फोडते, असे प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ३२ पेप्टाइडांपैकी चार फ्लूवर चालली. त्यांतली तीन माणसाच्या लाल पेशींनाही घातक ठरली, म्हणून उरले ते एक. तेही शरीरातल्या विकरांपुढे किती टिकेल, हा प्रश्न आहेच.

अशी जंतुनाशक पेप्टाइडे ढिगाने सापडत असल्याने परळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत सुसान इडिकुला-थॉमस आणि सहकाऱ्यांनी त्यांची 'कॅम्प' ही माहितीसूची उभारली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. नवा क्रम हाती आला, की तो जंतूंवर चालण्याची शक्यता किती, हे आधी संगणकावर पाहता येते. लाल पेशींची परीक्षा अजून नळीतच घ्यावी लागते.

पुढच्या भागात विंचू : महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि रक्तदाबाची एक स्वस्त गोळी.